वळू नको, सोनिका

सोनिकाचं पिस्तूल अडलं, ते एवढं वाईट नव्हतं. पिस्तुलं अडतातच. वाईट झालं ते पुढं. फायरिंग शिकवणारे इंद्रकुमार उस्ताद मागून "सोनिका" म्हणाले, आणि ही "जी" म्हणत पिस्तुलासकट वळली. शेजारी फायर करणारी अख्खी लाईन जमिनीवर आडवी झाली.

उस्ताद ओरडले नाहीत. पिस्तूल काढून घेतलं अन् सांगितलं, पुढच्या खेपेला वळलीस तर गस्त विसर, वायरलेसची खुर्ची आहेच. त्या खुर्चीला सोनिका कंटाळली होती. गस्तीसाठीच तर ती पोलिसात आली होती.

चूक कुठून आली तेही तिला ठाऊक होतं. आमगावजवळच्या या घरात सून म्हणून आली तेव्हा सासूनं, मुन्नीबाईनं, आधी हेच शिकवलं होतं. मोठ्यांनी हाक मारली की पूर्ण वळायचं, तोंड दाखवून "जी" म्हणायचं. पाठमोरं बोलणं म्हणजे अपमान.

घरी सांगितलं तर नवरा हेमेंद्र पोट धरून हसला. मुन्नीबाई हसली नाही. तांदूळ निवडायचं सोडून उठली, टॉर्च घेऊन आली, कोपऱ्यातल्या धान साठवायच्या ढोलीकडं बोट दाखवलं.

"हे धर. धानाच्या ढोलीवर उजेड मार. मी मागून हाक मारीन. उजेड हलला नाही पायजे."

पहिल्याच हाकेला सोनिका वळली. उजेड सरळ सासूच्या डोळ्यात.

"मारलंस ना मले," मुन्नीबाई शांतपणे म्हणाली. "चल, पुन्हा."

मग रोज संध्याकाळी तेच. टॉर्च जुना, मधेच विझायचा, ते बरंच झालं. विझला की पिस्तूल अडलं असं धरून सोनिका पुटपुटायची. तोंड समोर, बोट ट्रिगरच्या बाहेर, मॅगझिनला खालून थाप, वरची सरकती स्लाईड खेच, समोर पाहा, मगच पुढं. मागं म्हातारी एकेक खोटं सांगायची. दूध उतू गेलं. तुझी माय आली दारात. हेमेंद्र एकदा ढोलीसमोरून गेला, तर आईनं त्यालाच झापलं, मरायचं हाय का म्हणून.

पुढच्या प्रॅक्टिसला उस्तादांनी तिच्या मॅगझिनमध्ये गुपचूप एक नकली गोळी घातली. दोन गोळ्या बरोबर सुटल्या. तिसरीला नुसतं खट्.

"सोनिका," मागून आवाज आला.

मान आपोआप वळायला निघाली होती. तिनं ती रोखली.

"जी, उस्ताद," ती टारगेटलाच म्हणाली. बोट बाहेर. तळहाताची थाप. स्लाईड मागं खेचून सोडली, नकली गोळी उडून मातीत पडली. तिनं समोर पाहिलं आणि मग फायर केलं.

उस्तादांनी घरी कोण शिकवतं एवढंच विचारलं. सासू म्हटल्यावर त्यांनी मातीतली नकली गोळी उचलली आणि वायरलेसच्या खुर्चीचं नावही काढलं नाही.

संध्याकाळी ती चुलीपाशी चहा गाळत होती. दारातून मुन्नीबाईनं हाक मारली.

"जी," सोनिका म्हणाली. वळली नाही.

त्या पाठीवरूनच मुन्नीबाईला निकाल कळला. ती स्वतःच चुलीला वळसा घालून समोर आली, सुनेच्या तोंडाकडं पाहत बसली.

"आता तं वळत जा वं माय," ती म्हणाली. "माहे गुडघे दुखते."