फुलापुरती जागा

एररच्या शेवटी लागलेला अक्षरांचा कचरा तिने खोडला, उरलेलं वाक्य प्रोग्रामरांच्या मंचावर डकवलं आणि खाली लिहिलं, ‘डेटाबेस नोंद घेत नाही. तातडीने मदत हवी.’ खऱ्या रुग्णांची माहिती कशी देणार, म्हणून नमुन्याच्या चार नोंदी स्वतःच रचून जोडल्या. अगदी नीटनेटक्या. पाहुणे यायचे म्हणून पसारा पलंगाखाली ढकलावा, तसं तिने सगळं आवरून ठेवलं होतं.

डायलिसिस केंद्राची वेबसाइट ती एकटीच सांभाळायची. नव्या सर्व्हरवर हलवल्यापासून काही रुग्णांची वेळ नोंदलीच जात नव्हती. सगळ्यांची नव्हे, काहींचीच. त्यांना पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच दिसायचं. एका काकूंनी कंटाळून केंद्रात फोन केला, तेव्हा हे उघडकीला आलं. तिथल्या सिस्टरने त्यांची वेळ स्वतः भरली, तर ती बिनतक्रार नोंदली गेली. त्यामुळे तर कोडं आणखीच वाढलं.

“काकूंचं झालं गं,” सिस्टर फोनवर म्हणाली. “पण जे फोन करत नाहीत त्यांचं काय? एक वेळ चुकली तरी अंगात पाणी साठतं, दम लागतो त्यांना.”

फोन ठेवून तिने पुन्हा मंच उघडला.

मंचावर ‘निवांत’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी उत्तर दिलं होतं. तुमच्या नमुन्याच्या नोंदी माझ्या मशीनवर मुकाट्याने घेतल्या जातात, असं कळवलं होतं. वाचून ती चिडली. इथे जिवाची घालमेल चाललेली आणि हा माणूस शांतपणे अटी घालत होता.

“एररचा शेवट तुम्ही कापलाय. तो जसाच्या तसा द्या. आणि खरोखर नाकारली गेलेली एक नोंद द्या. नाव, नंबर बदला. बाकी एक टिंबही आवरू नका.”

सर्व्हरने बाजूला टाकलेल्यांतून तिने काकूंची नाकारलेली नोंद शोधून काढली. नाव, नंबर बदलला. सूचनेच्या रकान्यात काकूंनी लिहिलं होतं, ‘खिडकीजवळची खुर्ची मिळाली तर बरं. तुम्ही सगळे फार करता.’ पुढे एक सूर्यफूल, मोबाइलवर असतं तसं. सवयीने तिचं बोट ते फूल खोडायला गेलं आणि थांबलं. मग मघाचा कचरा, सर्व्हर कधी बदलला, आजवर काय काय करून पाहिलं, सगळं तिने लिहून पाठवलं.

चहा निवायच्या आत उत्तर आलं. ‘माझ्याकडेही नाकारली.’

ती खुर्चीतून उठलीच. कुठला कोण माणूस, ना ओळख ना पाळख, आणि त्याने तिचं दुखणं मुद्दाम आपल्या टेबलावर उभं केलं होतं! खाली त्याने समजावलं होतं: तो कचरा म्हणजेच ते फूल, मशीनच्या भाषेत लिहिलेलं. नव्या सर्व्हरवर नोंदी ठेवायच्या तक्त्यात अक्षरांपुरतीच जागा होती. फूल आलं की तो अख्खी नोंद परत करायचा.

तिने बाकीच्या नाकारलेल्या नोंदी उघडल्या. कुणाचं फूल, कुणाचा हसरा चेहरा, कुणाचं लाल बदाम. नुसती वेळ मागणारे सगळे आत गेले होते, सिस्टरने फुलाविना भरलेली काकूंची वेळही. जे दोन शब्द गोड बोलायला थांबले, तेवढेच बाहेर राहिले होते. तिने सिस्टरला फोन लावून सगळं सांगितलं.

“मग सगळ्यांना कळवू का, चित्रं टाकू नका म्हणून?” सिस्टरने विचारलं. “लगेच सुटेल.”

“नको. मी नावं पाठवते, त्या सगळ्यांना फोन कर, त्यांच्या वेळा तू भर. तोवर मी फुलाला जागा करते.”

तक्ता बदलायला फारसा वेळ लागला नाही. थोड्याच वेळात काकूंची पुढच्या आठवड्याची नोंद आली. खिडकीजवळची खुर्ची, आणि शेवटी सूर्यफूल. समाधानाने तिचे डोळे भरून आले.

मग ती मंचावर परतली. नेमकं काय बदललं ते पुढच्या अडलेल्या माणसासाठी तिने सविस्तर लिहिलं. निवांतसाठी काय लिहावं ते मात्र सुचेना. ‘तुम्ही फार केलंत,’ एवढंच लिहून तिने पुढे एक सूर्यफूल ठेवलं, पाठवलं, आणि ते तिथे राहतंय का हे बघायला क्षणभर थांबली.

राहिलं.