मानेवरचा रबराचा तुकडा

मित्रांनो, मला सीट नाही. ती चोरीला गेली नाही, मोडून पडली नाही. मला ती कधी नव्हतीच. मी ट्रायल्सच्या सायकलची फ्रेम. ही सायकल कुठे जायला नसते. ती दगडांवर, ओंडक्यांवर, भिंतीच्या अरुंद कडेवर उड्या मारत चढायला असते, आणि चढताना पाय जमिनीला लावायचा नसतो. जो सबंध वेळ उभाच असतो, त्याला सीट कशाला? आता तर माझी चाकं गेली, हँडल गेलं, मान आणि धड यांची ताटातूट झाली. एका वर्कशॉपच्या दाराशी दोन खिळ्यांना टांगलेली असते मी. आत येताना जरा वाकून या.

मला घडवलं दादाने. तो पेशाने वेल्डर. लोकांची फाटकं, जिन्यांचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या करणारा. पण जीव सगळा सायकलीत. तरुणपणी तो स्वतः ट्रायल्स खेळायचा. एकदा उंचावरून उतरताना त्याच्या सायकलची फ्रेम मानेपाशी मोडली. मान म्हणजे हँडल जिच्यात फिरतं ती पुढची आखूड, जाड नळी. दादाचं मनगट असं वाकडं बसलं की पुन्हा ब्रेक धरवेना. वेल्डिंगचा टॉर्च मात्र धरवत होता. देव एक दार लावतो तेव्हा खिडकी उघडी ठेवतो म्हणतात, तशातलं.

त्याची जागा बहिणीने घेतली. लहानपणापासून ती पायऱ्या एकेक करून कधी उतरलीच नव्हती, म्हणून सगळे तिला टोळ म्हणत. आईला तिचं हे उड्या मारणं पसंत नव्हतं. एकाचं हाड मोडलं तेवढं पुरे झालं, असं ती भांडी घासता घासता भिंतीला ऐकवायची. टोळ उभ्या उभ्याच घास तोंडात टाकून सायकलीकडे पळाली की म्हणायची, "बस गं घटकाभर. सायकलला सीट नाही, निदान घराला तरी पाट आहे." टोळ हसायची, पण बसायची नाही.

आईचं मन राखायचं आणि बहिणीचंही, यावर दादाने एकच उपाय काढला. जिची मान मोडणार नाही अशी फ्रेम आपणच करायची. मित्रांनो, माझा जन्म त्या एका भीतीतून झाला आहे हे लक्षात ठेवा.

आधी मी तारेची होते. जेवताना दादा तारेचा तुकडा वाकवून माझा आकार करायचा आणि चिमटीत दाबून बघायचा, कुठे वाकतो ते. जिथे वाकेल तिथे उद्या मोडेल, हा त्याचा हिशेब. अशा तारेच्या कितीतरी फ्रेमा आईला चमच्यांच्या खणात सापडल्या. जुन्या फ्रेमांना वरून सरळ दांडा असायचा आणि उडीचा सगळा हिसका तो नेमका मानेच्या मागे एका जागी आणून टाकायचा. दादाने दांडा धनुष्यासारखा खाली वाकवला, मानेपाशी रुंद आणि चपटा केला, म्हणजे ओझं एका रेघेवर न पडता तळहातभर जागेत वाटलं जाईल. पेडलची जागा चाकांच्या आसापेक्षा वर उचलली. टोळ पुढे झुकेल तेव्हा मीही तिच्याबरोबर झुकावं, असा माझा तोल ठरवला.

मग अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या कापल्या गेल्या. मला साच्यात बांधून दादाने जोडलं. एका बाजूला थोडं, मग दुसऱ्या बाजूला थोडं, कारण एकाच अंगाने तापवलं तर धातू रुसून वाकडा होतो. मानेचा जोड त्याने सगळ्यात शेवटी केला. तो झाल्यावर वेल्डिंगचा मुखवटा वर करून कितीतरी वेळ बघत राहिला. मासळीच्या खवल्यांसारखे एकसारखे थर पडले होते. मग भट्टीवाल्याकडे नेऊन मला शेकून आणलं, कारण न शेकलेला जोड म्हणजे कच्चं मडकं.

रंग दिला नाही. धातू उघडा असावा, त्याचं दुखणं दिसावं, असं दादा म्हणे. आणि त्याने एक नेम घालून घेतला. टोळ सायकलीवर पाय ठेवण्याआधी रोज तो मला टिचकी मारायचा. आधी मानेला, मग दांड्याला, मग पेडलपाशी, आणि कान लावून ऐकायचा. धड असलेली नळी टण्ण बोलते. चिरलेली बसक्या आवाजात बोलते, सर्दी झालेल्या माणसासारखी. टोळ घाईत असली तरी हा नेम चुकत नसे. ती मान वळवून उभी राहायची आणि माझ्या तिन्ही ठिकाणांहून टण्ण आलं की निघायची.

आम्ही सराव करायचो ते बंद पडलेल्या पाइप कारखान्याच्या आवारात. सिमेंटचे प्रचंड पाइप, केबल गुंडाळायची लाकडी चक्रं, फळ्यांच्या थप्प्या. तिथला वॉचमन आम्हाला आत सोडायचा, पण रोज बजावायचा, "हाडं मोडायची तर मोडा बाई, फक्त माझ्या ड्यूटीत नको." टोळ एका चक्रावरून दुसऱ्यावर उडायची तेव्हा दादा खाली हात वर करून सरकत राहायचा. पडली तर झेलायला. ती पडायची नाही. हवेत असताना ती, मी आणि चाकं मिळून एकच काहीतरी असायचो. ते सुख मला पुन्हा मिळालं नाही आणि मिळणारही नाही, पण ते खोटं नव्हतं एवढं सांगते.

एका स्पर्धेत टोळ वरच्या नंबरात आली. लोक तिच्याभोवती जमले आणि मग माझ्याभोवती. एका म्हाताऱ्या सायकलवाल्याने माझ्या मानेवरून बोट फिरवून विचारलं, हा जोड कुणाचा?  दादाचे कान लाल झाले.

माझं दुर्दैव त्या कौतुकातूनच सुरू झालं. हँडल वळवताना ब्रेकचा पाइप माझ्या मानेला घासायचा आणि त्या खवल्यांवर ओरखडे उठायला लागले. दादाला ते बघवेना. त्याने जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापला, कडा गोल केल्या आणि जोडावर नीट चिकटवला. अंगठ्याने दाबून दाबून, लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्याला पट्टी लावावी तसा. ज्याने रंग नाकारला होता, त्यानेच हे केलं. वाईट हेतूने नव्हे, मित्रांनो. मायेने.

दुसऱ्या दिवशी टिचकी मारली तेव्हा मानेतून टण्ण आलं नाही.

"बसका आला आवाज," टोळ म्हणाली.

"रबर लावलंय ना. त्याने दबला."

ते खरंच होतं. त्या दिवशी मी धडधाकट होते, आवाज रबरानेच दाबला होता. पण तिथून पुढे मानेला टिचकी मारण्यात अर्थ उरला नाही, म्हणून दादा ती जागा सोडून द्यायला लागला. दांडा आणि पेडल, एवढ्यावर भागायला लागलं. नेमाचं असं असतं. तो मोडत नाही एकदम, एक कोपरा झिजतो आणि आपल्याला वाटतं बाकीचा तर शाबूत आहे.

मग कधीतरी रबराखाली मला केसाएवढी चीर पडली. दादाने ओझं तळहातभर जागेत वाटलं होतं हे खरं, पण दांडा जिथे रुंद व्हायला लागतो त्या कोपऱ्यावर थोडं जास्तच येत होतं. तारेच्या फ्रेमेने ते सांगितलं नव्हतं, कारण तारेला कोपरे नसतात. नव्या घडणीत एखादी चूक राहते, त्यात लाज नाही. ती दिसली असती तर दादाने तिथे एक पट्टी जोडली असती आणि आज मी तुम्हाला दुसरीच गोष्ट सांगितली असती.

धातूला ताप येत नाही, सूज येत नाही. मला एकच भाषा येत होती, ती मी बोलले. मी कुरकुरायला लागले. टोळला ऐकू आलं. पण ट्रायल्सवाल्यांची एक समजूत असते, सायकल कुरकुरली की पेडलचं बेअरिंग गेलं. सगळा जोर पायांचा, तेव्हा दुखणंही तिथलंच असणार. दादाने बेअरिंग बदललं. नंतर पेडलं बदलली. शिवाय आमच्या चाकांच्या कडा मुद्दाम ग्राइंडरने खरवडलेल्या असतात, ब्रेक घट्ट धरावा म्हणून, आणि ब्रेक दाबला की त्या किंचाळतात. त्या किंकाळीत माझी कुरकुर म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये आजारी माणसाचं कण्हणं.

मोठी स्पर्धा जवळ आली होती. सरावाला निघताना टोळ थांबली आणि म्हणाली, "दादा, अजून वाजते रे ही."

दादाने मला हलवून बघितलं. दांड्याला टिचकी मारली, पेडलपाशी मारली. दोन्हीकडून टण्ण आलं. त्याचा हात मानेकडे गेला, रबरावर क्षणभर टेकला आणि मागे आला.

"स्पर्धा होऊ दे," तो म्हणाला, "मग सबंध खोलून बघू."

आवारात ऊन होतं. केबलच्या चक्रावरून सिमेंटच्या पाइपवर जायचं होतं, तिने कितीदा तरी केलेली उडी. तिने मागचं चाक दाबलं, मला पोटाशी ओढावं तसं हँडल ओढलं, आणि आम्ही निघालो. वर पोचलो नाही. मधेच माझी मान धडापासून सुटली. हँडल तिच्या हातात राहिलं आणि मी खाली गेले. दादा हात वर करून उभा होता, पण ती मागे पडेल या हिशेबाने उभा होता. ती पुढे पडली. पाइपच्या कडेवर, उजव्या गुडघ्यावर.

ती ओरडली नाही. वॉचमन धावत आला, एक फळी आणली, दादाला एक टोक धरायला लावलं. रोजचं त्याचं ते वाक्य त्याने पुन्हा कधीच कुणाला म्हटलं नाही.

पाय राहिला. डॉक्टरांनी सांगितलं की भार घेईल, पण वाकणार नाही. टोळ म्हणवणाऱ्या मुलीचा गुडघा.

शेजारीपाजारी बोलले. बहिणीवर प्रयोग केले, म्हणाले. स्वतःचं मोडून भागलं नाही, म्हणाले.  आईने मला उचलून दाराबाहेर ठेवलं. दादाने अंधार पडायच्या आत मला परत आणलं, गोणपाटात गुंडाळलं आणि वर्कशॉपच्या माळ्यावर टाकलं. पण त्याआधी त्याने ते रबर सोलून काढलं होतं, आणि तुटलेली कड बघून तो जमिनीवर बसला होता. मोडलेला धातू खोटं बोलत नाही, मित्रांनो. जिथे तो आत्ता तुटतो तिथे चांदीसारखा चमकतो. जिथे आधीपासून चिरलेला असतो तिथे धूळ, घाम, पाणी शिरून काळवंडतो. माझी अर्ध्याहून जास्त कड काळी होती.

त्यानंतर तो फक्त फाटकं आणि जाळ्या करत राहिला. तारेच्या फ्रेमा आईला पुन्हा सापडल्या नाहीत. घरात तिघंही एकमेकांशी नीटच बोलत, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

मग एका सकाळी टोळ काठी टेकत वर्कशॉपमध्ये आली. आता तिला पायऱ्या एकेक करूनच उतराव्या लागत होत्या. फ्रेम काढ म्हणाली. दादाने टाळाटाळ केली. ती स्टुलावर बसली, पाय सरळ पुढे ठेवून, आणि वाट बघत राहिली. शेवटी त्याने मला माळ्यावरून काढलं. तिने गोणपाट सोडलं, माझी तुटलेली मान मांडीवर घेतली आणि कडेवरून सावकाश बोट फिरवलं. काळ्यावरून चमकत्याकडे आणि परत.

"हे काळं जुनं आहे."

"हो."

"म्हणजे ती वाजत होती तेव्हा..."

"हो. माझ्या रबराखाली."

 बाहेर रस्त्यावरून एक गाडी हॉर्न देत गेली. मला वाटलं ती मला भिरकावून देईल, आणि दिलं असतं तर मला वाईट वाटलं नसतं. पण ती त्या कोपऱ्यावर, चीर जिथून सुरू झाली होती त्या जागी, बोट टेकवून बसली.

"पुढच्या फ्रेमेला इथे पट्टी जोड," ती म्हणाली. "आणि वर काही चिकटवू नकोस."

दादा म्हणाला, पुढची फ्रेम नाही. आता हात लावायचा नाही त्या कामाला.

"मग माझा गुडघा फुकटच गेला म्हणायचा."

हे ती रागाने म्हणाली नाही. भाजी संपली आहे असं सांगावं तशी म्हणाली. दादाने तोंड फिरवलं. त्याने तिची माफी मागितली का, तिने ती दिली का, ते मला ठाऊक नाही. माझ्यादेखत तरी नाही. काही गोष्टींना माफी पुरत नाही. त्या फक्त सोबत वागवाव्या लागतात.

मित्रांनो, दादा पुन्हा फ्रेमा करायला लागला. कोपऱ्यावर पट्टी असते आता, आणि मान उघडी. ओरखडे पडले तर पडतात. आमच्या घरातलं कुणी त्या फ्रेमांवर उभं राहत नाही. दुसऱ्यांची मुलं नेतात. मला त्याने दाराशी टांगलं ते शोभेसाठी नाही. रोज काम सुरू करताना तो आधी माझ्या तुटलेल्या मानेला टिचकी मारतो. माझ्यातून येतो तो बसका, मेलेला आवाज. तो कानात ठेवून मग तो नव्या फ्रेमेकडे जातो. टोळ स्टुलावर बसलेली असते. तिचा कान त्याच्यापेक्षा तिखट आहे, म्हणून शेवटचा शब्द तिचा.

तुमच्याही घरी काहीतरी कुरकुरत असेल. सायकल असेल, दार असेल, एखादं माणूसही असेल. ज्याच्यावर जीव आहे त्याला झाकू नका. मायेने तर मुळीच नाही. आवाज आला की त्याच दिवशी हात लावून बघा. स्पर्धेनंतर, सणानंतर, सुट्टीनंतर असं म्हणू नका.

आता जरा गप्प बसा. दादा आला आहे, आणि टोळने काठी भिंतीला टेकवली आहे. आधी माझी पाळी.

टप्.