खरखर थांबते तेव्हा

१९५९ साली आमच्या शाळेला बॅटरीवर चालणारा सरकारी रेडिओ मिळाला. गावात तो एकच. संध्याकाळी साडेसहाला ग्रामीण कार्यक्रम असे, आणि रेडिओ लावायचं काम मास्तर म्हणून माझ्याकडे होतं.

मी तो पाच-सात मिनिटं आधीच लावी, मुलांना एक गंमत दाखवायला. सुरुवातीला नुसती खरखर. मग ती एकदम थांबे.

"आता रेडिओ केंद्रावरचं यंत्र सुरू झालं," मी सांगे. "त्याची लाट इथवर पोचली. पण तिच्यावर अजून कोणाचा आवाज चढलेला नाही. निवेदक येऊन बसेल, मग बोलेल."

मुलांना ती शांतता आवडे. कार्यक्रम ऐकायला आलेली मोठी माणसं जरा मागे सरकत. म्हातारा हरिश्चंद्र म्हणे, "गुर्जी, ह्यो गप रवता तेवा आमचा बोलणा ऐकता."

"अहो, त्याला ऐकू येत नाही. लाट तिकडून इकडेच येते."

"ह्या तुमका म्हायत. त्याका खंय म्हायत?"

आश्विनात वादळ झालं. मासेमारीला गेलेल्या बाबलीची होडी परतली नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी त्याची बायको शेवंती शाळेत आली आणि थेट रेडिओसमोर उभी राहिली. खरखर थांबली तशी तिने हात जोडले. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते पुरुषांनी, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी तिला कोणी अडवलं नाही.

"बा म्हाराजा, नऊ दीस झाले. माझो घोव जितो आसा तर बोल. नसात तर गप रव."

"होय म्हाराजा," हरिश्चंद्र सवयीने म्हणाला. मग सगळेच म्हणाले.

मी तिला थांबवायला हवं होतं. पण घड्याळात साडेसहाला दोनच मिनिटं होती. निवेदक बोलणार हे मला ठाऊक होतं. तिला खोटी आशा लागेल, पण निदान आजची रात्र ती झोपेल, असं वाटून मी गप्प राहिलो.

साडेसहा झाले. पावणेसात झाले. आवाज नाही, आणि खरखरही नाही. कोणीतरी पलीकडे येऊन बसलंय आणि मुद्दाम तोंड उघडत नाही, असं वाटू लागलं. एक पोर रडायला लागलं. दुसरं कुठलं तरी केंद्र लावावं म्हणून मी बटणाकडे हात नेला. शेवंतीने माझं मनगट धरलं.

"हात लाव नकात, गुर्जी. तो सांगता हा."

बरोबर सात वाजता, कार्यक्रम संपायच्या वेळेला, खरखर परत सुरू झाली. शेवंतीने रेडिओला नमस्कार केला, बाहेर गेली आणि पायरीच्या दगडावर स्वतःच्या हाताने बांगड्या फोडल्या.

पंधरा दिवसांनी बाबलीच्या होडीची फळी रेडी गावच्या किनाऱ्याला लागली.

रेडिओ दुसऱ्या दिवसापासून नीट चालत होता. तरी मी केंद्राला पत्र लिहिलं, वालावल गावच्या मास्तरांनाही विचारलं; त्यांच्याही शाळेत रेडिओ होता. मास्तरांनी त्या संध्याकाळी माडांच्या रोगावरचं भाषण पूर्ण ऐकलं होतं. केंद्राचंही उत्तर आलं: कार्यक्रम ठरल्या वेळी, खंड न पडता प्रसारित झाला आहे.

मुलं विचारत, "गुर्जी, मग आमच्याकडे गप्प कोण बसलं होतं?" मी सांगे, मला माहीत नाही. शिक्षकाने हे सांगायला लाजू नये.

मात्र त्यानंतर रेडिओ मी साडेसहाच्या ठोक्यालाच लावला. आधी कधीच नाही.