रुसायचा हक्क

लग्नानंतर घरात चांगली रुळल्यावर सुनेने पुन्हा कॉलेजात नाव घातलं. विषय समाजशास्त्र. घर शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचं. खाली दुकान, मधे बिऱ्हाड आणि वरच्या एकुलत्या खोलीत भाडेकरू. त्यांना सगळे 'वरचे काका' म्हणत. काका निवृत्त बसचालक, एकटे. राहायला आले तेव्हा जेवणाचं काहीच ठरलं नव्हतं. पण ताप आला म्हणून एकदा खाली जेवले, आणि ताप उतरला तरी त्यांचं ताट मांडलं जातच राहिलं. सासूबाई त्यांना 'भावजी' म्हणत.

सुनेला वर्गात 'कुटुंब आणि समाज' यावर बोलायचं होतं. त्याची तालीम तिने जेवतानाच सुरू केली.

"काही अभ्यासक म्हणतात, कुटुंब हे यंत्रासारखं असतं. एकेक भाग आपापलं काम करतो, म्हणून समाज चालतो."

मिस्त्री खूश झाले. "बरोब्बर! एक स्क्रू ढिला झाला, की टाके सुटलेच."

"आणि तेल कोण घालतं?" सासूबाईंनी विचारलं.

"दुसरे म्हणतात, घरात एकजण राबतो आणि दुसरा नुसते हुकूम सोडतो."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "हे लोक आपल्याकडे कधी येऊन गेले गं?"

सुनेच्या नवऱ्याला हसता हसता ठसका लागला. काकांनी त्याची पाठ थोपटली आणि विचारलं, "मग सूनबाई, यात मी कुठे बसतो?"

सून बोलण्याच्या भरात होती. "तुम्ही नाही बसत, काका. पुस्तकात म्हटलंय, नातं रक्ताचं हवं, लग्नाचं हवं, नाहीतर दत्तक तरी. तुम्ही भाडेकरू."

काका हसले. पाणी प्यायले आणि वर गेले. पानात भात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी जेवायला हाक मारली, तर वरून उत्तर आलं, "पोट बरं नाही." त्याच्या दुसऱ्या दिवशी जिन्यातून करपलेल्या कांद्याचा वास आला. सून डबा घेऊन वर गेली, तेव्हा दार अर्धंच उघडलं.

"कशाला तसदी घेतलीत, मॅडम?"

मॅडम! तिने डबा पुढे केला. "काका, चुकले मी. रागावलात ना?"

"छे! मी कोण रागावणारा?"

डबा परक्या घरचा असावा तसा घासूनपुसून, लख्ख होऊन दाराशी परत आला. न उघडता दिला असता, तर तिला एवढं लागलं नसतं.

ती रडकुंडीला आल्याचं पाहून सासूबाई उठल्या. गुडघे धरत, कठड्याला टेकत जिना चढल्या आणि दार ढकलूनच आत गेल्या.

"भावजी, हे काय चाललंय?"

"मी आपला माझ्या पायरीने राहतोय, वहिनी."

"पायरी गेली खड्ड्यात! पोरगी दोन दिवस जेवलेली नाही."

"मी तरी कुठे धड जेवलोय? कांदा जळला, डबा गोड लागला नाही." आणि मग काकांचा बांधच फुटला. "सोडा ते सगळं! लग्नाच्या फोटोत अख्खं घर आहे. मी कुठाय?"

"फोटो काढायला तुम्ही होतात म्हणून! यांच्या हातात कॅमेरा दिला असता तर नुसते पाय आले असते."

"अगं, मी इथून ऐकतोय!" खालून मिस्त्री ओरडले.

"ऐकाच!" वरून दोघे एकदम म्हणाले.

सून जिन्यात उभी होती. तिला हसूही येत होतं, डोळ्यांत पाणीही येत होतं. सासूबाईंचा आवाज तिच्या कानावर आला.

"भाडेकरू नाराज होतो, भावजी, तक्रार करतो, खोली सोडून जातो. रुसून अन्न टाकतात ती घरचीच माणसं. रुसायचा हक्क बजावून झाला असेल, तर आता जेवायला चला. माझे गुडघे पुन्हा चढणार नाहीत."

काका उठून दाराशी आले. मग म्हणाले, "हात धरा. उतरताना तोल जाईल तुमचा."

वर्गात सुनेने ती दोन्ही मतं सांगितली आणि जेवताना सांगायचं राहून गेलेल्या तिसऱ्यापाशी थांबली. घर रोजच्या वागण्यातून घडतं, असं मानणारं ते मत. तिथे तिने स्वतःचं एक वाक्य घातलं: ज्याच्या रुसण्याने बाकीच्यांच्या गळ्याखाली घास उतरत नाही, तो कुटुंबातला.

सर चष्मा पुसत म्हणाले, "व्याख्या जरा ढिली आहे. माझा शेजारीसुद्धा यात बसेल."

"मग बसू द्या ना, सर," मागून कुणीतरी म्हणालं, आणि वर्गात असा वाद रंगला, की घंटा कुणाला ऐकूच आली नाही.

ती घरी परतली, तेव्हा काका आणि मिस्त्री एका जुन्या मशीनवर वाकून तावातावाने भांडत होते. तिला पाहताच दोघे एकदम म्हणाले, "सूनबाई, तूच सांग, कोण बरोबर?"

तिने पर्स खाली ठेवली आणि स्टूल पुढे ओढलं.