कोट घातलेली गिटार

मित्रांनो, मी एक छोटी, प्रवासात न्यायची गिटार आहे. वय फार नाही, पण दमायला वय लागत नाही, हे तुम्हाला शाळेच्या दप्तरावरून ठाऊक असेलच. माझी हकीगत ऐका. मध्येच थांबले तर समजा, डोळा लागला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझं लाकूड खरं तर कपाटाचं दार व्हायला निघालं होतं. ते मापाला थोडं कमी भरलं, म्हणून त्याची गिटार केली. थोडक्यात, मी नापास झालेलं दार आहे. दार झाले असते तर सकाळी उघडायचं, संध्याकाळी मिटायचं, आणि मधल्या वेळात कपडे सांभाळायचे, एवढंच काम असतं. पण लाकडाला कोण विचारतं? मला तासलं, वाफेवर वाकवलं, सरसाने चिकटवलं आणि वर मान बसवली. मित्रांनो, गिटारीला मान असते, पोट असतं, पाठ असते, आणि तारा ताणायच्या खुंट्या म्हणजे आमचे कान. तुम्ही चुकलात की तुमचे कान पिळतात. माझे मी काही करण्याआधीच पिळतात.

मग एका वाद्यांच्या दुकानात मला मानेने भिंतीवर टांगलं. मान असली म्हणजे मान मिळतोच असं नाही, हे मी तिथे शिकले. लोक येत, मला बघून "अगं बाई, पिल्लू!" म्हणत, आणि शेजारची मोठी गिटार घेऊन जात. एका बाईंनी तर दुकानदाराला विचारलं, "ही मोठी कधी होईल?"

दुकानदारही माझ्यासारखाच दमलेला होता. तो म्हणाला, "पाणी घालून बघा."

असेच दिवस जात असताना एकदा दोन माणसं दुकानात आली. पुढे एक ताई होती, तिच्या बाहीवर ग्रीसचे डाग होते. ती लिफ्ट दुरुस्त करायची. मागे तिचे बाबा होते, गळ्यात मापाची टेप घातलेले. ते शिंपी होते. टेप काढायची राहिली होती की ती निघतच नव्हती, ते मला अजून कळलेलं नाही.

ताईला नवी नोकरी लागली होती. गावोगाव फिरायचं आणि बंद पडलेल्या लिफ्ट चालू करायच्या. घरी तिची एक मोठी गिटार होती. तिला सगळे म्हैस म्हणत. म्हशीला घेऊन ताई एकदा बसने गेली, तेव्हा कंडक्टरने म्हशीला सीट दिली आणि ताईला उभं ठेवलं.

"म्हैस फिरतीवर नेता येणार नाही," ताई दुकानदाराला म्हणाली, "आणि वाजवलं नाही तर माझा हात जाईल. इतक्या वर्षांनी कुठे बसलाय."

मित्रांनो, हे नीट ऐका, पुढची सगळी भानगड याचीच आहे. वाजवून वाजवून हात बसतो. पण बसलेला हात पाहुण्यासारखा असतो. त्याची रोज विचारपूस केली नाही की तो उठून जातो. आणि ताईजवळ तिचं स्वतःचं असं तेवढंच होतं. बाकी सगळं कंपनीचं होतं, पान्यापासून डोक्यावरच्या टोपीपर्यंत.

दुकानदाराने एक घडीची गिटार काढली. "हिची मान मोडून पोटावर ठेवायची. बॅगेत मावते."

"नको," बाबा म्हणाले. "मान मोडायला घरात मी आहे की."

मग त्याने एक नुसती काठी दाखवली. तिला तारा होत्या, पण पोट नव्हतं. बाबांना तिची फार दया आली. "आवाज कुठून येतो हिचा?"

"कानाला यंत्र लावायचं, काका. फक्त आपल्यालाच ऐकू येतो."

"मग शेजारी तक्रार कशी करणार?" ताई म्हणाली. "नको. एकटं एकटं वाटेल."

उरले मी. बाबांनी मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि जोडांवरून अंगठा फिरवला. "धुतल्यावर आटते का?"

"काका, गिटार धूत नाहीत."

"मग मळल्यावर?"

"पुसतात."

"रंग जातो?"

"काका, तुम्ही गिटार घेताय की पडद्याचं कापड?"

"पडदे आहेत की हिला," ताई माझ्या मानेवरच्या बारीक पट्ट्यांवर बोट ठेवून म्हणाली. त्यांना खरंच पडदे म्हणतात. दुकानदाराने डोळे मिटून घेतले.

मग ताईने मला वाजवलं. "नाकात बोलते," ती म्हणाली. "सर्दी झाल्यासारखी." मी परत भिंतीवर जायची मनाची तयारी केली. पण तिने आणखी एक सूर वाजवला, मान तिरकी करून ऐकला, मुद्दाम एक बोट चुकीच्या जागी ठेवलं, आणि हसली. "खरं बोलते पण. चुकलं की लगेच सांगते. म्हैस काय, काहीही वाजवा, हंबरते. बाबा, हीच."

मला आनंद झाला असावा. नक्की आठवत नाही.

दुकानदाराने माझ्यासाठी चेनची पिशवी काढली, तेव्हा बाबांचा चेहरा पडला. "चेन? चेन म्हणजे शिवणकाम नाही, सुटका आहे. हिला मी शिवतो." त्यांनी तिथल्या तिथे गळ्यातल्या टेपने माझं माप घेतलं. छाती, कंबर, मान. "कंबर छान आहे," ते म्हणाले. माझ्या आयुष्यातली ती पहिली स्तुती. ती कंबरेची होती, सुरांची नव्हती, पण दमलेल्या माणसाने फार चिकित्सा करू नये.

बाबांनी माझ्यासाठी कोट शिवला. पिशवी नाही, कोट. वरून जाड करडं कापड, आतून गुळगुळीत अस्तर, मानेला कॉलर आणि छातीवर खिसा. "खिसा कशाला, बाबा?" ताईने विचारलं. "असू दे. रुमाल राहील." पाठीवर मात्र मानेपासून बुडापर्यंत बारीक बारीक बटणं होती, आणि प्रत्येक बटणाला हाताने घातलेलं काज. काज म्हणजे बटण जायचं भोक. नवं काज घट्ट असतं. वापरून वापरून ते सैल पडतं. म्हणजे वापरलं तर.

ताई कोट बघून म्हणाली, "अप्रतिम." बाबा चष्मा पुसत राहिले. आणि आम्ही निघालो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. बसमध्ये लोक वळून बघत. "किती सुंदर कोट! आत काय आहे?"

"गिटार."

"हो का? कोट सुंदर आहे."

पहिल्या गावात पहिल्या संध्याकाळी ताई कामावरून आली. दिवसभर लोखंडी दोर ओढून तिची बोटं सुजली होती. तिने माझी बटणं उघडायला घेतली. एक नखाने निघालं, एक दाताने. कंबरेपर्यंत आली तोवर भात करपला. तो उतरवायला ती उठली, खरवडून खाल्ला, आणि परत आल्यावर उघडलेली बटणं पुन्हा लावून टाकली. "उद्या," ती मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "रविवारी." रविवारी एका दवाखान्याची लिफ्ट अडकली. पुढे पुढे तिने काही म्हणायचंही सोडलं. खोलीवर आलं की मला खुर्चीवर टेकवून ठेवायची. एका घरमालकाने दारातून मला बरेच दिवस पाहिलं आणि शेवटी तिला सांगितलं, "तुमच्यासोबतच्या त्या बाई फार शांत आहेत हो. कोट काढायला सांगा त्यांना, उकडत असेल."

उकडत होतंच. पण माझं कोण ऐकतं?

तुम्ही म्हणाल, मग तिने साधी चेनची पिशवी का नाही घेतली? मीही तेच म्हणत होते. पण बाबांचा फोन यायचा.

"वाजवतेस ना गं?"

"हो, रोज."

"कोट त्रास नाही ना देत?"

"छे! मस्त बसलाय."

"बटणं निघतात नीट?"

"पटापट."

फोन ठेवला की ती डाव्या हाताची बोटं अंगठ्याने चाचपून बघायची. तारा दाबून दाबून बोटांच्या टोकांना घट्टे पडतात. तिचे मऊ होत चालले होते. हात उठायच्या तयारीत होता, चप्पल शोधत होता.

माझंही बरं चाललं नव्हतं. खोल्या ओलसर होत्या, तारा तशाच ताणलेल्या होत्या. कुणी वाजवेना, कुणी सैल करेना. बसून बसून माझं पोट सुटलं. मित्रांनो, हे मी विनोद म्हणून सांगत नाही. गिटारीचं पोट खरंच फुगतं, आणि फुगलं की आवाज आणखी नाकात जातो.

अखेर ताईला सुट्टी मिळाली आणि आम्ही घरी आलो. बाबा शिलाई मशीनपाशी बसले होते. त्यांनी आधी ताईला पाणी दिलं, मग मला जवळ घेतलं. "वाजव बघू काहीतरी. किती दिवस नुसतं फोनवर ऐकतोय, 'रोज वाजवते, रोज वाजवते.'"

ताई बटणांना भिडली. पहिलं निघेना. दुसरं निघेना. माझं पोट आतून कापड ओढून धरत होतं. मी कोटात अडकले होते. एखाद्या गिटारीच्या बाबतीत असं कधी घडलं असेल असं मला वाटत नाही, आणि माझ्यावर ही पाळी का यावी, हेही मला कळत नाही.

"इकडे दे," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कोट डोळ्यांजवळ नेला. पहिलं काज बोटाने दाबून बघितलं. मग मधलं. मग शेवटचं.

"कोरी आहेत," शेवटी ते म्हणाले. "काजं अजून कोरी आहेत."

"बाबा..."

"रोज वाजवतेस म्हणालीस."

"तुम्ही रोज विचारायचात. काय सांगू?"

"खरं सांगायचं. मी काय परका आहे?"

"अहो, गिटारीला पाठीवर बटणं कोण लावतं?" ताईचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "तुम्ही इतकं डोळे फोडून शिवलंत. कसं सांगणार होते?"

बाबांनी कात्री घेतली. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी कापड कापलं नाही. त्यांनी कडेची शिवण उसवायला घेतली. टाका टाका उसवत ते म्हणाले, "माया ठेवलीये आत. सैल करता येतो."

"गिटारीच्या कोटात माया?" ताई म्हणाली. "ती काय वाढणार होती?"

"कपडा शिवला की माया ठेवायची. अंगाचं काही सांगता येत नाही."

मित्रांनो, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. इतके महिने ती माझ्या बरगडीला टोचत होती. मला वाटायचं, शिवण वाईट आहे.

मी बाहेर आले. ताईने माझे कान पिळले आणि वाजवायला घेतलं. तिच्या आवडीचीच चाल होती. पहिली ओळ जेमतेम आली. दुसरीत बोटं एकमेकांवर आपटली. तिसरीत ती थांबली. मी खरं बोलणारी गिटार आहे. मी तिच्या सगळ्या चुका मोठ्याने सांगितल्या. माझा इलाज नव्हता.

"गेला," ती हाताकडे बघत म्हणाली. "गेला माझा हात."

बाबा उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत बसले होते. "माझा नव्हता गेला? डोळ्याचं ऑपरेशन झालं, किती दिवस मशीनला हात लावू दिला नाही तुम्ही लोकांनी. परत बसलो आणि पहिली पँट शिवली. दोन्ही पाय डावे."

ताईने मान वर केली. "मग गिऱ्हाईक?"

"नेली त्याने. चालताना सारखा डावीकडे वळतो म्हणतात."

ताई हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. बाबा म्हणाले, "वाईट येतंय. चालू दे."

त्या आठवड्यात बाबांनी मला एक नाडीची पिशवी शिवून दिली. एक नाडी, एकदा ओढली की उघडली. शिवताना ते स्वतःशी पुटपुटत होते, "जन्मभर कोट शिवले. आता पिशवी." पण पिशवीचं तोंड त्यांनी चांगलं मोठं ठेवलं. कोट त्यांनी ठेवून घेतला. तो आता म्हशीला होत नाही आणि माणसालाही होत नाही.

तेव्हापासून मला विश्रांती नाही. एसटीच्या थांब्यावर, पायरीवर, गच्चीवर, जिथे जागा मिळेल तिथे ताई नाडी ओढते. माझ्या पाठीवर बकलाचे ओरखडे पडलेत, कडेचा रंग उडालाय, एक कान जरा वाकडा झालाय. ताईचा हात अजून पूर्ण बसलेला नाही. कधी येतो, कधी येत नाही, आला तर दारातच उभा राहतो. परवा एका इमारतीत तिने लिफ्ट दुरुस्त केली आणि लगेच सोडली नाही. आतून दार लावलं, जमिनीवर मांडी घातली आणि मला काढलं. बंद लिफ्टमध्ये माझा आवाज चक्क मोठा येतो, नाकातला वाटत नाही. खाली जिन्यावर एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या.

"अहो, झाली का लिफ्ट?" त्या ओरडल्या.

"झालीच!" ताई आतून ओरडली. "एक कडवं राहिलंय."

त्या बाई काही पुटपुटल्या. मग पिशव्या खाली ठेवल्याचा आवाज आला. कडवं मध्येच चुकलं. ताईने ते परत घेतलं.

मित्रांनो, आपल्या वस्तू नीट जपा, असं सगळेच सांगतात, आणि तसं सांगणं मलाही भाग आहे. पण एखादं वाद्य तुमच्या घरी कपाटावर, पलंगाखाली, चांगल्या कापडात गुंडाळून ठेवलेलं असेल, तर ते जपलेलं आहे असं समजू नका. त्याचं पोट सुटत असतं. त्याला खाली काढा, पुसा, आणि रोज थोडं वाजवा. वाईट वाजलं तरी चालेल. जिन्यावरच्यांना जरा थांबू द्या.