अर्धा चेहरा, पूर्ण पत्ता

मित्रांनो, मी एक म्हातारा बाहुपाद, समुद्रतळावरचा कवचधारी जीव, तुमच्या डोंगरांहूनही म्हातारा. दिसतो शिंपल्यासारखा, पण त्याच्या गोतातला नव्हे. माझ्या कवचाची एक झडप फुगीर, दुसरी खोलगट. कोट्यवधी वर्षांपूर्वी, कार्बोनिफेरस काळात, यॉर्कशायरच्या जागी उबदार समुद्र होता. त्याच्या गाळात मी निजलो. गाळाचा चुनखडक झाला, माझाही दगड झाला.

जाग आली ती जेबेझ आयव्हसन या खाणकामगाराच्या हातोड्याने. डब्यातून त्याने मला घरी नेले. असे दगडी शिंपले व्हिनेगरने धुऊन खिडकीत मांडायची तिथे रीतच होती. बशीतल्या व्हिनेगरमध्ये माझी पाठ बुडाली, पोट कोरडे राहिले. मी फसफसलो, मित्रांनो! पाठीवरच्या नाजूक रेघा, काट्यांच्या खुणा, सारे विरघळले.

"घरात एक दगड होताच की, तुझ्या डोक्यात!" त्याची आई टॅमर म्हणाली. पण रोज मला पुसायची तीच.

एके दिवशी हेस्टर अल्डरसनबाई आल्या. कुठल्या थरात कोणता बाहुपाद, याचा नकाशा त्या सात वर्षे करत होत्या. इथलाच थर डोंगरापलीकडे निघतो, असे त्या म्हणत, आणि विद्वान हसत. माझी जात पलीकडे सापडली होती; इथेही सापडली, तरच त्यांचे म्हणणे खरे ठरणार होते. मला पाहून त्यांचे डोळे लकाकले. पाठ पाहताच विझले.

"हे कुणी केलं?"

"मीच, बाई. छान दिसावा म्हणून."

"अहो, आंघोळ घालताना पोराचं नाकच धुऊन टाकलंत!"

जेबेझ ओशाळला. टॅमरने मला उलटे केले. "पोट बघा की. तिथवर याची अक्कल पोचली नव्हती."

पोटावरच्या रेघा शाबूत होत्या.

"जात तीच!" बाई पुटपुटल्या. "पण थर? खाणीत तर नऊ थर आहेत."

जेबेझने माझ्या पोटाला चिकटलेला काळा खडा सोडवून ठेचला. कुजक्या अंड्यांचा भपकारा सुटला.

"नासका थर, बाई! खालून तिसरा. आम्ही नाकानंच ओळखतो."

"अरे मेल्या, माझ्या स्वयंपाकघरात?" टॅमरने एप्रनने नाक दाबले. बाई मात्र तो वास अत्तरासारखा हुंगत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच थरात माझे तीन भाऊबंद मिळाले, पाठीवरच्या रेघांसकट. नकाशावर डोंगराच्या अलीकडचे आणि पलीकडचे खोरे एका रेषेने जोडले गेले. बाईंनी माझी चिठ्ठी लिहिली: जात, थर, खाण, आणि खाली 'जेबेझ आयव्हसन यांना सापडला'.

आता मी संग्रहालयाच्या खणात असतो. वर्षानुवर्षे कुणी खण उघडत नाही. शेजारी एक देखणा बाहुपाद आहे, अंगावर ओरखडा नाही. पण त्याला चिठ्ठीच नाही. कुठला रे तू, विचारले की तो गप्प होतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आमच्यातला कुणी भेटला तर त्याला सजवू नका. कुठे भेटला, तेवढे आधी लिहा. माझा चेहरा अर्धा गेला, पण मला माझे घर ठाऊक आहे.