गुलाबी रंगाच्या आत

मित्रांनो, तळ्यावर पाखरे बघायला आलात की तुम्ही एका गुलाबी भिंतीपुढे फोटो काढता. तो गुलाबी रंग म्हणजे मी नव्हे. मी त्याच्या आत आहे. मी मातीची भिंत आहे, आणि कित्येक दिवसांत माझ्या वरच्या अंगाला बाहेरचा वारा लागलेला नाही.

माझा जन्म हसनाबादच्या शिवारातला. थंडीत तळ्यावर पाखरे उतरू लागली, तशी ती बघायला माणसेही येऊ लागली. त्यांना बसायला सावली हवी होती. गावाने जालन्याहून अक्षता नावाच्या वास्तुकार मुलीला बोलावले. ती आधी नुसतीच काठावर बसून राहिली. मग म्हणाली, "काका, इथं काही नवीन आलंय हे पाखरांना कळताच कामा नये." काका म्हणजे बद्रीनाथ. तळ्यालगतचे शेत त्यांचे, आणि निवाऱ्याला जागाही त्यांनीच दिलेली.

म्हणून मला टेकडीच्या कुशीत उभे केले, टेकडीपेक्षा बुटके. माझ्या पायात इथलाच काळा दगड आहे. अंगात पांढरी माती, शेण आणि गव्हाचा भुसा आहे. तो गारा गावच्या माणसांनी पायांनी तुडवला. डोक्यावर मातीचे धाबे घातले आणि त्यावर गवत उगवू दिले. पहिल्याच हिवाळ्यात एक पाहुणा माझ्यासमोर उभा राहून विचारू लागला, "निवारा कुठं आहे हो?" बद्रीनाथांच्या पत्नी द्वारकाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"आवं, असं कसं घर बांधलं तुमी? पाव्हणा दारात उभा हाय आन् त्याला घर सापडंना!"

मला मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी.

मातीच्या भिंतीचे एक असते. पावसाळ्यात ती ओल पिते आणि ऊन पडले की सोडून देते. त्यासाठी तिचे अंग मोकळे लागते, आणि वर्षातून एकदा कोणाचा तरी हात लागतो. द्वारकाबाई दसऱ्याआधी आपले घर पांढऱ्या मातीने पोतारत आणि घमेल्यात उरलेली माती घेऊन माझ्याकडे येत. घराला त्या फडक्याने पोतारा देत, मला मात्र हाताने. "हिचं अंग खरबरीत हाय. हिला फडकं पुरत न्हाई, हिला हातच लागतो." त्यांच्या बोटांच्या कमानी माझ्या अंगभर उमटत.

मग एका उन्हाळ्यात द्वारकाबाई गेल्या.

त्यानंतर बद्रीनाथ एकटेच येऊन बसत. एखाद्या कमानीवर आपली बोटे ठेवत. पावसाने त्या कमानी पुसट होऊ लागल्या, तसा त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. त्यांची सून, दैवशाला तिचे नाव, म्हणाली, "मामा, मी पोतारते की."

"न्हाई. तिच्या हातावर दुसरा हात न्हाई फिरवायचा. आता एकदाच पक्कं करून टाकू. मंग तिचा हात बिलकुल जाणार न्हाई."

असा मला सिमेंटच्या जाड गिलाव्याचा अंगरखा चढला. वर गुलाबी रंग आला आणि त्यावर द्वारकाबाईंचे नाव. गावाला आवडले. "आता कसं! रस्त्यावरूनच दिसतंय," असे जो तो म्हणाला. खरेच दिसत होते. पाखरांनाही दिसत होते. ती पलीकडच्या काठाला उतरू लागली.

सुरुवातीला मलाही ती शाल वाटली. पण पुढच्या पावसात धाब्याच्या कडेने पाणी आत शिरले आणि त्याला बाहेर पडायला वाटच सापडली नाही. ऊन पडे, पण ते माझ्यापर्यंत पोचत नसे. दगडावरचा माझा पायथा भिजून मऊ झाला. बाहेरून मी कोरडी, देखणी. शाळेची मुले येत, माझ्या पायाशी डबे उघडत, मला टेकून बसत. मला ओरडावेसे वाटे, पोरांनो, लांब बसा रे! पण भिंतीला तोंड नसते.

यंदा पाऊस सरल्यावर अक्षता आली. तिने बोटाच्या पेराने मला ठोकून पाहिले. आवाज पोकळ आला. तिचा चेहरा उतरला.

"काका, आत पाणी कोंडलंय. हे काढावं लागेल. नाहीतर ही भिंत बसेल, आणि इथं पोरं असतात."

"काढायचं म्हंजी? तिचं नाव हाय त्याच्यावर. आन् आत तिचा हात हाय."

मग दैवशाला हळूच म्हणाली, "मामा, आत्याबाई तर दरसाल आपलाच जुना हात पुसून नवा फिरवीत व्हत्या. त्यांनी कधी जुना जपून ठिवला का?"

बद्रीनाथ उठून छन्नी-हातोडा घेऊन आले आणि पायथ्यापासून स्वतःच ठोकू लागले. पहिली खपली निघाली ती माझी कातडी घेऊनच निघाली. फार दुखले. त्या तुकड्याच्या आतल्या अंगाला द्वारकाबाईंच्या कमानी उलट्या उमटल्या होत्या. बद्रीनाथांनी तो तुकडा धोतराने पुसला, उन्हात ठेवला आणि पुन्हा हातोडा उचलला.

मित्रांनो, आज माझा फक्त पायथा मोकळा आहे. वर मी अजून कोंडलेलीच आहे. सगळे एकदम काढले तर मी ढासळेन, म्हणून थोडे थोडे काढत आहेत. तोवर पुढे बांधलेली दोरी ओलांडू नका. पण एवढे ऐका. जे तुम्हाला फार आवडते ते एकदाच पक्के करून मोकळे होऊ नका. त्याच्याकडे दरसाल यावे लागते.

पुढच्या दसऱ्याआधी दैवशाला इथे पांढरी माती भिजवेल. तुम्हीही या. फडके आणू नका. हात घेऊन या.